गोळी रोज घेईन, पण तिला सांगायलाच हवं का?

पत्राचा गोषवारा: वय ३१. चार वर्षांपूर्वीच्या एका नात्यात या वाचकाला जननेंद्रियांचा हर्पिस झाला. फोडातल्या द्रवाच्या तपासणीत एचएसव्ही-२ हा विषाणू निघाला. वर्षातून तीन-चार वेळा फोड येतात आणि आठवड्याभरात जातात. आता लग्न ठरलंय, तीन महिन्यांवर आलंय. होणाऱ्या बायकोला यातलं काही माहीत नाही. दोघांत अजून शारीरिक संबंध आलेले नाहीत. वॅलासायक्लोव्हिरची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी रोज घेतली तर जोडीदाराला लागण होण्याचा धोका साधारण निम्म्यावर येतो, असं डॉक्टरांनी त्यांना सांगितलं. ते लिहितात, "गोळी आणि कंडोम दोन्ही वापरलं तर धोका उरतो किती? मग सांगून तिला घाबरवायचं कशाला? गोळ्या व्हिटॅमिनच्या बाटलीत ठेवीन. अगदीच वेळ आली तर नागीण झाली होती म्हणेन, तीही हर्पिसच ना!" दोघांनाही मूल लवकर हवं आहे.

तुमचं पत्र वाचताना मी व्हिटॅमिनच्या बाटलीपाशी अडखळले. तिथपर्यंत तुम्ही एका आजाराबद्दल लिहीत होतात, तिथून पुढे लपवण्याबद्दल लिहायला लागलात. 'गोळी पुरेल का' या तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते, आकड्यांसकट देते. पण तुम्ही गोळीवर जे काम सोपवू पाहताय ते तिच्याच्याने होणारं नाही.

आधी गोळीचं कौतुक करू, कारण ती त्या लायकीची आहे. पोटात गेल्यावर वॅलासायक्लोव्हिरचं अ‍ॅसायक्लोव्हिर होतं. हे औषध आपल्या निरोगी पेशींमध्ये जवळजवळ निरुद्योगी पडून असतं. हर्पिसचा विषाणू स्वतःच्या प्रती काढायला बसला, की त्यासाठी तो स्वतःचं एक एन्झाइम बनवतो, आणि तेच एन्झाइम औषधाला जागं करतं. जागं झालेलं औषध विषाणूच्या डीएनएची साखळी अर्ध्यातच थांबवतं. चोरानेच पोलिसाला हाक मारावी, तसा प्रकार. म्हणूनच वर्षानुवर्षं घेऊनही बहुतेकांना त्याचा फारसा त्रास होत नाही. ज्या गर्ट्रूड एलियन यांच्या चमूने हे औषध घडवलं, त्यांना १९८८ साली नोबेल मिळालं.

मात्र या युक्तीतच औषधाची मर्यादा आहे. प्रती काढणाऱ्या विषाणूवरच ते चालतं. फोड नसतात तेव्हा तुमचा विषाणू कण्याच्या तळाशी, मज्जातंतूंच्या गाठींमध्ये झोपलेला असतो आणि झोपलेल्याला गोळी हात लावू शकत नाही. अधूनमधून तो उठतो, मज्जातंतूवरून त्वचेपर्यंत येतो. कधी फोड येतात, पण बऱ्याचदा काहीच दिसत नाही, तरी विषाणू त्वचेवर असतो. एचएसव्ही-२ असलेल्या लोकांनी रोज स्वतःचे नमुने घेतले, तेव्हा ज्यांना फोड येतात त्यांच्यात सुमारे २० टक्के दिवशी विषाणू सापडला. ज्यांना आयुष्यात कधी फोड आल्याचं आठवत नाही त्यांच्यातही सुमारे १० टक्के दिवशी. 'फोड नसले की मी सुरक्षित' असं तुमच्या पत्रात दोनदा आलंय. ते तेवढं खोडून टाका. गोळी हे दिवस खूप कमी करते, पण शून्यावर आणत नाही. औषध चालू असतानाही काही तासांसाठी विषाणू वर येऊन जातो.

आता तो 'निम्मा' आकडा. तो एका मोठ्या चाचणीतून आला, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या. १४८४ जोडपी होती. प्रत्येक जोडप्यात एकाला एचएसव्ही-२ होता, दुसऱ्याला नव्हता. ज्याला होता त्याने आठ महिने रोज एक गोळी घेतली. निम्म्यांना खरी मिळाली, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली. खोटी गोळी असलेल्या ७४१ जोडप्यांपैकी २७ जणांच्या जोडीदारांना लागण झाली, खरी असलेल्या ७४३ पैकी १४ जणांच्या. लक्षणांसह आजार झाला तो १६ विरुद्ध ४ जणांना.

या आकड्यांत दिलासा आहे हे मला मान्य आहे. औषध नसतानाही आठ महिन्यांत शंभरातल्या शहाण्णवांना लागण झाली नव्हती. पण हे आठ महिने होते आणि संसार काही आठ महिन्यांचा नसतो. शिवाय बाईला पुरुषाकडून लागण होण्याची शक्यता उलट्या दिशेपेक्षा जास्त असते.

आणि आता जे सांगतेय ते तुमच्या बाटलीपाशी ठेवा. ही जोडपी चाचणीत जोडीने आली होती. दोघांची रक्ततपासणी झाली, दोघांनी सह्या केल्या, दोघांना कंडोमबद्दल समजावलं गेलं, फोड आले की जवळ यायचं नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. १४८४ पैकी एकाही घरात गोळी व्हिटॅमिनच्या बाटलीत नव्हती. म्हणजे तुम्ही जो निम्मा धोका आपल्या नावावर जमा करताय, तो माहीत असलेल्या माणसांच्या धोक्याचा निम्मा आहे. ज्याला काहीच माहीत नाही त्याच्या धोक्याचा निम्मा किती, ते या चाचणीतून निघत नाही.

माहीत असण्याने खरंच फरक पडतो का? पडतो, आणि तोही मोजून पाहिलाय. नुकतीच एचएसव्ही-२ची लागण झालेल्या सुमारे २०० लोकांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या जोडीदाराने आधी सांगितलं होतं, त्यांना संबंध सुरू झाल्यापासून लागण व्हायला लागलेल्या दिवसांचा मध्यक (निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) २७० होता. सांगितलं नव्हतं तिथे ६०. यातल्या सगळ्यांना शेवटी लागण झालीच होती, त्यामुळे यावरून फार मोठं विधान करू नये. पण साठ आणि दोनशे सत्तर यात अंतर आहे.

हे कशामुळे घडत असेल याचा अंदाज तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त यायला हवा. फोड येण्याच्या आदल्या दिवशी तुमच्या मांडीत मुंग्या येतात, थोडी आग होते, असं तुम्हीच लिहिलंय. त्या रात्री तिला माहीत असेल तर 'आज नको' हे दोन शब्द पुरतात. माहीत नसेल तर डोकं दुखतंय, उद्या लवकर उठायचंय, पाठ धरलीय. वर्षातून चार वेळा, दर वेळी पाच-सात दिवस, नवी कारणं. तिसऱ्या खेपेला तिला वाटेल की आपण नकोशा झालोय. आणि कधीतरी तुम्हालाच कारण सुचणार नाही आणि तुम्ही 'एक दिवसाने काय होतंय' म्हणाल.

लपवलेली गोळी नीट घेतलीही जात नाही. अ‍ॅसायक्लोव्हिर रक्तात फार वेळ टिकत नाही. दर अडीच-तीन तासांनी त्याचं प्रमाण निम्मं होतं. त्यामुळे गोळी चुकली की तिचं कवच त्याच दिवसात विरून जातं. लांबट, बऱ्यापैकी मोठी गोळी आहे ती. बाटली प्रवासात राहिली, बायको खोलीत होती म्हणून आज घेतली नाही, तिने विचारलं 'मीही तुझं व्हिटॅमिन घेऊ का'. हा शेवटचा प्रसंग हसण्यावारी नेऊ नका. लेबल एक आणि आत दुसरंच औषध, हे कुठल्याही घरात धोक्याचं.

आता मुलाकडे येते. तुमच्या बेतातली खरी भेग इथे आहे आणि पत्रात तुम्ही ती एका ओळीत उरकलीय.

तुमचा हिशेब गोळी अधिक कंडोम असा आहे. कंडोम हर्पिसचा धोका कमी करतो. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा नेहमी वापरणाऱ्यांत तो साधारण ३० टक्क्यांनी कमी दिसला. पण कंडोमने न झाकलेल्या त्वचेवरही हा विषाणू असतो. बरं, मूल हवं म्हटल्यावर कंडोम बाजूला ठेवावाच लागणार. म्हणजे तुमच्या दोन आधारांपैकी एक नेमका तेव्हाच जाणार जेव्हा संबंध सगळ्यात जास्त येतील. आणि मग ती गरोदर राहील.

गरोदर बाईला आधीपासून हर्पिस असेल तर बाळाला प्रसूतीच्या वेळी लागण होण्याची शक्यता एक टक्क्याहून कमी असते, कारण आईची प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) बाळाकडे आधीच पोचलेली असतात. पण तिला पहिल्यांदाच, तेही शेवटच्या दिवसांत लागण झाली, तर तीच शक्यता ३० ते ५० टक्क्यांवर जाते. नवजात बाळाचा हर्पिस दुर्मीळ आहे, जगभरात अंदाजे लाख जन्मांमागे दहा. पण झाला तर तो यकृतापर्यंत, मेंदूपर्यंत जातो. म्हणून ज्या गरोदर बाईला हर्पिस नाही आणि नवऱ्याला आहे, तिला शेवटचे तीन महिने योनीसंभोग टाळायला सांगतात. तिला हे कोण सांगणार? तिच्या डॉक्टरांना माहीत नाही, तिला माहीत नाही. माहीत असलेला एकच माणूस प्रतीक्षालयात तिच्या शेजारी बसलेला असेल.

तुम्हाला घाबरवायला हे लिहीत नाहीये. हर्पिस असलेल्या असंख्य जोडप्यांना ठणठणीत मुलं होतात. तिला हर्पिस आहे असं कळलं तरी उपाय आहे: ३६व्या आठवड्यापासून प्रसूतीपर्यंत रोज अ‍ॅसायक्लोव्हिर किंवा वॅलासायक्लोव्हिर देतात, म्हणजे ऐन प्रसूतीत फोड येण्याची आणि त्यामुळे सिझेरियन करावं लागण्याची शक्यता कमी होते. यातली प्रत्येक गोष्ट करता येते, फक्त कुणीतरी तोंड उघडलेलं असावं लागतं.

नागिणीचं मात्र नाव काढू नका. आपल्याकडे नागिणीलाही डॉक्टर हर्पिस झॉस्टर म्हणतात, त्यामुळे पळवाट सोयीची वाटते. पण नागीण कांजिण्यांच्या विषाणूने होते. तो याच कुळातला असला तरी वेगळा, आणि लैंगिक संबंधातून पसरणारा हा आजार नाही. ती बहुधा एकदाच, शरीराच्या एका बाजूला पट्ट्यासारखी येते. वर्षाला चारदा त्याच जागी येणारी नागीण कोणत्याही डॉक्टरला पटणार नाही. तिलाही फार दिवस पटणार नाही.

'सांगितलं तर ती जाईल' हे तुम्ही इतक्या खात्रीने लिहिलंय, जणू ती जाऊन आलीय. जाऊ शकते. ती शक्यता मी तुमच्यासाठी पुसून टाकू शकत नाही आणि पुसावी असं मला वाटतही नाही. कारण तिच्या शरीराला काय धोका पत्करायचा हे ठरवणं तिच्याकडेच असायला हवं. पण तुमची खात्री येते कुठून ते जरा तपासू. तुम्ही लिहिलंय, 'तिला वाटेल मी कसल्या माणसाशी लग्न करतेय.' जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की १५ ते ४९ वयाच्या सुमारे ८४ कोटी लोकांना जननेंद्रियांचा हर्पिस आहे, म्हणजे पाचातल्या एकाहून जास्त. बहुतेकांना ते माहीतही नाही. ताप येऊन गेल्यावर ओठाच्या कडेला फोड येतात ते याच्याच भावंडामुळे, एचएसव्ही-१मुळे, आणि त्याला कुणी लाजत नाही. तोच विषाणू दोन हात खाली आला की कलंक. 'गुप्तरोग' हा आपला शब्दच पाहा: रोगापेक्षा गुप्तच त्यात मोठं झालंय.

लाज तुम्हाला चार वर्षांपूर्वी कुणीतरी न सांगता दिली, विषाणूबरोबर. पत्रात त्या मुलीवरचा राग अजून आहे: 'तिने एका शब्दाने सांगितलं असतं तर.' ही ओळ तुमचीच.

मग बोलायचं कसं? लग्नाच्या आदल्या आठवड्यात तर नाहीच, कारण तेव्हा 'नाही' म्हणायला तिला जागाच उरणार नाही. भर गर्दीत नको, फोनवरच्या संदेशात नको, जवळीक सुरू झाल्यावर तर मुळीच नको. येत्या दोन-तीन आठवड्यांत एखादी निवांत दुपार काढा, जिथून तिला हवं तेव्हा उठून घरी जाता येईल. आधी तीन गोष्टी सांगा आणि थांबा: "मला चार वर्षांपासून जननेंद्रियांचा हर्पिस आहे. तो पूर्ण बरा होत नाही, पण औषधाने आटोक्यात राहतो. तुला तो होऊ नये म्हणून काय करता येतं हे मी डॉक्टरांना विचारलंय, पण ठरवायचं तुझ्याशी बोलून." 'मोठं वादळ येणार आहे, तयार हो' अशी प्रस्तावना लावू नका. रडत सांगितलं तर ती तुमचं सांत्वन करत बसेल आणि तिचे प्रश्न राहून जातील. आकडे खिशात ठेवा, तिने विचारले की काढा. आणि हो, त्याच बैठकीत उत्तर मागू नका.

तिची तपासणी व्हावी, असं मी सुचवेन, तिची इच्छा असेल तर. एचएसव्ही-१ आणि २ वेगळे ओळखणारी आयजीजी (प्रतिपिंडांचा एक प्रकार) रक्ततपासणी मागायची. आयजीएम नको, तिचा इथे उपयोग नाही. ही तपासणी बिनचूक नाही. हलका पॉझिटिव्ह आला तर तो बऱ्याचदा चुकीचा निघतो, दुसऱ्या पद्धतीने पडताळावा लागतो. समजा तिला एचएसव्ही-२ आधीच आहे असं निघालं, तर तिला जपण्यासाठी गोळी घेण्याचं कारणच संपतं. तसं निघालंच तर तिच्याकडे संशयाने पाहू नका. वर्षानुवर्षं न कळता तो राहू शकतो, हे आता तुम्हाला माहीत आहे.

तुमच्या गोळीबद्दल दोन-चार गोष्टी. ती घ्याच, मी तिच्या बाजूची आहे. तुमचे फोडही तिने बरेच कमी होतील. सुरू करण्याआधी मूत्रपिंडाचा काही त्रास असेल तर डॉक्टरांना सांगा, मात्रा कमी करावी लागते. पाणी भरपूर प्या. सुरुवातीला डोकेदुखी, मळमळ होते कुणाकुणाला. निरोगी माणसात औषधाला दाद न देणारा विषाणू तयार होणं फार क्वचित घडतं, त्याची धास्ती नको. संबंध सुरू होण्याच्या आदल्या दिवशी नको, निदान आठवडाभर आधीपासून सुरू असू द्या. वर्षाने डॉक्टरांशी पुन्हा बोला. आणि मूळ पाकिटातच ठेवा.

याच वळणाची आणखी काही पत्रं पडून आहेत, त्यांना इथेच थोडक्यात. ज्यांना स्वतःला हर्पिस नाही आणि जोडीदाराला आहे, त्यांनी प्रतिबंध म्हणून अ‍ॅसायक्लोव्हिर गिळू नये. वरची चाचणी लागण झालेल्याने गोळी घेण्याची होती. जननेंद्रियांवर एचएसव्ही-१ असेल तर तो सहसा क्वचित उलटतो आणि हे आकडे त्याला लागू नाहीत. एचआयव्ही आणि हर्पिस दोन्ही असलेल्यांमध्ये रोजच्या अ‍ॅसायक्लोव्हिरने हर्पिसचा प्रसार कमी झाला नाही, हेही पाहिलं गेलंय. एचआयव्हीचं गणित मात्र निराळं आहे. तिथे उपचाराने विषाणू मोजण्यापलीकडे गेला आणि तसाच राहिला तर जोडीदाराला संभोगातून लागण होत नाही, आणि लागण नसलेल्यालाही प्रेप, म्हणजे लागण होऊ नये म्हणून आधीपासून घ्यायची गोळी, रोज घेता येते. घरात फ्लू आलाय म्हणून 'सगळ्यांना ओसेल्टामिव्हिर सुरू करू का' विचारणाऱ्या ताईंना: ते संपर्कानंतर ४८ तासांत सुरू करायचं, ठरावीक दिवसांपुरतं आणि मुख्यतः ज्यांना फ्लू जिवावर बेतू शकतो त्यांच्यासाठी. अख्खा हंगामभर नाही. त्याला लस आहे.

पुन्हा तुमच्याकडे येते. ती म्हणाली की विचार करायला वेळ हवा, तर तो द्या आणि रोज 'मग काय ठरलं' विचारू नका. डॉक्टरांशी बोलायचंय म्हणाली तर वेळ घ्या, सोबत जा. तिथे मात्र तिला एकटीला आत जाऊ द्या. तुमच्यासमोर विचारता येणार नाहीत असे प्रश्न तिच्याकडे असतील. तुम्ही बाहेर बाकावर बसा, कितीही वेळ लागो.